एस्टीमचा गिअर दांडा ढिला झालाय? गिअरबॉक्स उघडायच्या आधी लिंकेज बघायचंय, मदत करा

बालाघाटी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

आमच्या घरची मारुती एस्टीम २००१ ची आहे. पेट्रोल, पाच गिअर. नंबर एमएच-२३ चा, कारण तेव्हा अंबाजोगाईला वेगळा एमएच-४४ मिळालेला नव्हता. वडिलांनी घेतलेली गाडी आहे, पंधरा वर्षं झाल्यावर पुनर्नोंदणी केली, पर्यावरण कर भरला, पाच वर्षांनी परत तेच केलं. गाडी ठेवायची हे ठरलेलं आहे, म्हणून विकायचा सल्ला नको.

त्रास असा. गेल्या पावसाळ्यापासून गिअरचा दांडा ढिला व्हायला लागला. आता न्यूट्रलमध्ये तो डावी-उजवीकडे नुसता लोंबतो, आणि गिअरमध्ये असतानाही चार बोटं हलतो. तिसरा टाकायला जावं तर कधी पहिल्याच्या तोंडाशी जातो. पाचवा आणि रिव्हर्स शोधावा लागतो. मागच्या आठवड्यात लातूरला मोंढ्यात गाडी मागे घेताना तीन वेळा प्रयत्न करावा लागला, मागं हमालांचा गाडा उभा, मी घामाघूम.

एका गॅरेजमध्ये दाखवली. मिस्त्रीनं दांडा दोनदा हलवून बघितला आणि सांगितलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, सिंक्रो (गिअर न घासता पडावा म्हणून आत असलेल्या रिंगा) गेलेत, अठरा हजार धरून चला. गाडीखाली तो गेलाच नाही. मला ते पटलं नाही, कारण गिअर एकदा पडला की आवाज नाही, खरखर नाही, सुटत नाही. आत बिघाड असता तर असं झालं असतं का?

कुणी स्वतः लिंकेज ॲडजस्ट केलंय का? मला शिकायचंय.

---

वाळूजची शिफ्ट

तुमची शंका बरोबर आहे. मी वाळूज एमआयडीसीत टूलरूमला आहे, स्वतःकडे झेन होती, आता मित्राची एस्टीम मीच बघतो.

आधी हे समजून घ्या की दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत मधे काय आहे. जीपसारख्या गाडीत गिअरबॉक्स आपल्या पायाशी असतो आणि दांडा थेट त्याच्या डोक्यावर बसतो. तिथं लिंकेज नावाची भानगडच नाही. एस्टीममध्ये इंजिन आडवं, गिअरबॉक्स पुढं बॉनेटखाली, आणि दांडा दोन सीटच्या मधे. म्हणून फरशीखालून, सायलेन्सरच्या पाइपच्या वरून दोन रॉड पुढं जातात. एक फिरणारा आणि सरकणारा. तुम्ही दांडा डावी-उजवीकडे नेला की तो स्वतःभोवती फिरतो आणि गिअरची ओळ निवडतो. पुढं-मागं नेला की सरकतो आणि गिअर टाकतो. दुसरा रॉड हलत नाही, तो दांड्याचं बूड गिअरबॉक्सला बांधून ठेवतो.

या रॉडच्या सांध्यांत रबराचे आणि नायलॉनचे बुश, म्हणजे बोल्टभोवती बसणाऱ्या छोट्या नळ्या, असतात. वरून धूळ, खालून सायलेन्सरची धग. वीस-पंचवीस वर्षांनी ते कडक होतात, चिरतात, भोक लांबट होतं. सांध्यात दोन मिलिमीटर खेळ आला की वर दांड्याच्या मुठीत तो कितीतरी पट होऊन येतो, कारण दांडा लांब आहे. तुमची चार बोटं तिथून येत असणार.

पण अंदाजावर पैसे घालू नका, आधी तपासा.

इंजिन बंद, गाडी सपाट जागी. क्लच दाबून पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. एखादा नाही पडला तर गाडी वीतभर ढकला आणि परत बघा, दाते समोरासमोर आले की बंद गाडीत गिअर अडतो, तो दोष नाही. आता इंजिन चालू करून तेच करा. बंद असताना सगळे सहज पडतात आणि चालू असताना अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही. केबल बघा, पेडलचा खेळ बघा. बंद असतानाही दांडा भटकतो, गिअर शोधावा लागतो, तर लिंकेज. आणि गिअर नीट पडतो पण पडताना दर वेळी दात घासल्याचा आवाज येतो, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्यात, तर सिंक्रोचा विचार करायचा.

रिव्हर्सला या गाड्यांत सिंक्रो नसतो. क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबून टाकला तर खरखर होत नाही. ते सिंक्रो गेल्याचं लक्षण समजू नका.

---

उदगीरचे_गुरुजी

वाळूजकर, फार नीट सांगितलंत. मी निवृत्त शिक्षक. माझ्याकडे बरीच वर्षं प्रीमियर पद्मिनी होती, हँडगिअरची, म्हणजे दांडा स्टिअरिंगच्या खांबाला. आजच्या मुलांना सांगावं लागतं की फियाटच्या परवान्यावर ही गाडी मुंबईत कुर्ल्याला बनायची. तिच्यात तर दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत सांधेच सांधे. प्रत्येक सांध्यात केसभर खेळ, आणि वर मुठीत हातभर. आमचा मिस्त्री दर दिवाळीला ते सगळे सांधे रॉकेलनं धुऊन ग्रीस भरायचा. त्या गाडीचा गिअरबॉक्स मी ठेवली तेवढ्या काळात एकदाही उघडला नाही.

बालाघाटी, गाडी ठेवताय हे वाचून बरं वाटलं. वडिलांची आहे म्हणून नव्हे, चालती आहे म्हणून.

---

जालन्याची_लेक

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, पण सांगते, कारण इथं कुणीतरी त्याच चुकीत पडेल.

माझ्या मारुती ८०० ला दुसरा गिअर सुटायचा. ॲक्सिलरेटर सोडला की खट्‌कन दांडा न्यूट्रलला. मलाही "गिअरबॉक्स गेला" हेच ऐकवलं. शेवटी भावानं बॉनेट उघडून ठेवायला सांगितलं, हँडब्रेक ओढून क्लचवर गाडी किंचित पुढं-मागं उचलायला लावली, आणि इंजिनकडे बघत राहिला. इंजिन एवढं डोलत होतं की बघून भीती वाटावी. माउंटिंगचं, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते, रबर फाटलेलं. ते बदललं, गिअर सुटायचा थांबला.

त्या दुसऱ्या न हलणाऱ्या रॉडचं काम तेव्हा मला कळलं. इंजिन आपल्या रबरांवर पुढं-मागं झोके घेतं. दांडा फक्त बॉडीला बांधला असता तर प्रत्येक झोक्याला गिअर ओढला गेला असता. म्हणून दांड्याचं बूड गिअरबॉक्सलाच बांधतात, म्हणजे दोघं बरोबर डोलतात. त्या रॉडचं रबर किंवा माउंटिंग, दोन्हीपैकी एक गेलं की गिअर सुटतो.

तेव्हा बालाघाटी, लिंकेजला हात घालायच्या आधी माउंटिंग बघाच. आणि बघताना गाडीच्या समोर कुणी उभं राहू नका, बाजूनं बघा.

---

बालाघाटी

ताई, वाळूजकर, गुरुजी, मनापासून आभार.

आज सकाळी तपासलं. बंद गाडीत आणि चालू गाडीत सारखाच त्रास. क्लचचं पेडल साधारण दोन सेंटीमीटर मोकळं आहे आणि पुढं नीट धरतं. दात घासल्याचा आवाज एकाही गिअरला नाही. माउंटिंग ताईंनी सांगितलं तसं बघितलं, थोडं डोलतं पण फाटलेलं नाही.

म्हणजे लिंकेजच. आता गाडीखाली जायचं. घरी जॅक आहे आणि विटा आहेत. चालेल का?

---

वाळूजची शिफ्ट

विटा अजिबात नाही. कृपा करून नाही. वीट भाराखाली सांगून फुटत नाही. नुसत्या जॅकवरही गाडीखाली जायचं नाही, जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. लोखंडी स्टँड दोन मिळत असतील तर ते लावा, नाहीतर ज्या पंपावर गाड्या धुण्याचा सिमेंटचा रॅम्प आहे तिथं तासभर मागून घ्या. रॅम्प सगळ्यात उत्तम, चारही चाकं टेकलेली राहतात. तरी चाकांच्या पुढं-मागं दगड लावाच, कारण काम करताना गाडी न्यूट्रलमध्ये असणार. सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्या, रॉड त्याला चिकटूनच आहेत.

एक जण वर बसेल, एक खाली. वरच्यानं दांडा हळूहळू डावी-उजवीकडे, मग पुढं-मागं करायचा. खालच्यानं एकेक सांधा बोटांत धरून बघायचा. जिथं एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तिथं तुमचा बुश गेलाय. एवढं सोपं आहे.

---

केजचा_ड्रायव्हर

भाऊ, बाकीचं मला जास्त समजत नाही, पर एक सांगतो. मी टॅक्सी पासिंगची गाडी चालवायलोय सतरा वर्षांपासून. आपल्याकडची काळी माती लई वंगाळ. पावसात शेताच्या रस्त्यानं गेलं की ती गाडीखाली थापली जाती, आणि उन्हात वाळून शिमिट होती. दांड्याच्या रॉडला पण बसती. आधी खालून पाण्यानं धुऊन घ्या, मग बघा. मातीमुळंच दांडा अडकायलाय असं मी दोनदा बघितलंय. धुतलं की गिअर मोकळा.

पर धुतल्यावर ग्रीस मारायचं इसरू नका. तिथलं ग्रीस पाण्यानं जातंय.

---

बालाघाटी

केजच्या भाऊंचा सल्ला ऐकून आधी धुतली. मग रॅम्पवर घेतली. वर माझा पुतण्या बसला, खाली मी.

पाच मिनिटांत सापडलं. गिअरबॉक्सच्या टोकाला, जिथं फिरणारा रॉड बोल्टनं जोडला जातो, तिथला बुश. पुतण्या दांडा पूर्ण डावीकडून उजवीकडे न्यायचा तोवर गिअरबॉक्सकडचं टोक जागचं हलायचंच नाही, आणि शेवटी शेवटी थोडंसं फिरायचं. मी बोटानं धरून बसलो होतो. एवढे महिने जो त्रास मी मुठीत सोसत होतो तो माझ्या दोन बोटांत आला.

खोलायच्या आधी पांढऱ्या रंगानं रॉडवर आणि सांध्यावर आडवी रेघ मारून घेतली, म्हणजे परत त्याच जागी बसेल. बोल्ट गंजलेला. रात्रभर तेल सोडून ठेवलं, सकाळी बाराच्या रिंग पान्यानं सुटला.

बुश वर्तमानपत्रावर ठेवून बघितला. भोक गोल नाही, अंड्यासारखं. एका बाजूला भिंत कागदाएवढी पातळ, आणि तिथंच उभी चीर. आत ग्रीस म्हणून जे होतं ते काळ्या मातीत मळून दळलेल्या काजळासारखं झालेलं, बोटावर घासलं की खरखर लागायची. ती खरखरच इतकी वर्षं आतून खात होती. रॉडचा बोल्ट मात्र शाबूत आहे, झिजलेला नाही.

दांड्याच्या बुडाचा प्लॅस्टिकचा गोल बसका पण ढिला आहे, पण तो बराच बरा. वरचा रबरी बूट फाटलाय.

आता प्रश्न, हा बुश मिळणार कुठं? लातूरला तीन दुकानं फिरलो. एकानं दुसऱ्याच गाडीचा दिला, तो बाहेरून बसतो पण आतून ढिला.

---

लातूर_बार्शी_रोड

लातूरला नाही मिळाला तर संभाजीनगरला जुन्या मारुतीच्या पार्टची दुकानं आहेत, तिथं बुशकिट मिळतं कधी कधी. जुना बुश सोबत घेऊनच जा, फोनवर सांगून उपयोग नाही. माझ्या वेळी नुसतं "एस्टीमचा बुश" म्हटल्यावर सस्पेन्शनचा हातात दिला होता.

---

वाळूजची शिफ्ट

मिळाला तर कंपनीचाच घ्या. नाही मिळाला तर लेथवर करून घ्या, लाजायचं काही नाही त्यात. पण कशातून करायचा ते नीट सांगतो, कारण इथं लोक चुकतात.

पितळेचा करू नका. टिकतो, पण इंजिनची सगळी थरथर दांड्यात आणतो आणि बुशऐवजी बोल्ट आणि रॉड खायला लागतो. बुश झिजणं हेच बरं, तो स्वस्त आहे. साधं नायलॉन चालतं, पण ते पाणी पितं आणि किंचित फुगतं, पावसाळ्यात घट्ट होतं. डेलरिन नावाचं पांढरं किंवा काळं प्लॅस्टिक मिळतं, रॉडमध्ये, ते पाणी जवळजवळ पीत नाही आणि लेथवर सुरेख कापलं जातं. ते मागा.

माप जुन्या बुशचं देऊ नका, तो झिजलाय. आतलं माप बोल्टचं, बाहेरचं माप ज्या भोकात बसतो त्याचं. आतून बोल्ट हातानं फिरावा पण डगडगू नये, एक दशांश मिलिमीटर सैल पुरे. बाहेरून हलकासा दाबून बसावा. लांबीत मात्र बारकाईनं बघा, जुन्याच्या लांबीएवढाच ठेवा. लांब झाला तर बोल्ट आवळल्यावर सांधा जाम होईल आणि मग तुम्हाला वाटेल ॲडजस्टमेंट चुकली.

---

परभणी_एक्सप्रेस

हे सगळं करण्यापेक्षा तारेनं किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून काम होतं की. माझ्या गाडीला केलंय, चालतंय.

---

जालन्याची_लेक

दादा, घरी पोहोचण्यापुरतं ठीक आहे, मी नाही म्हणणार नाही. पण ती पट्टी एखाद्या घाटात सुटली आणि गिअर न्यूट्रलला जाऊन परत पडेना, तर उतारावर नुसते ब्रेकच राहतात. तुम्ही पण बुश घालून घ्या.

---

परभणी_एक्सप्रेस

ताई, बरोबर आहे तुमचं. बालाघाटी, लेथवाला चांगला मिळाला तर मला पण एक जोडी करून घ्या, पैसे पाठवतो.

---

बालाघाटी

संभाजीनगरला जायला जमलं नाही. इथल्याच एका लेथवाल्या काकांकडं गेलो. त्यांचं काम ट्रॅक्टर आणि पंपाचं. डेलरिन म्हटल्यावर त्यांनी कपाटाखालून काळा रॉड काढला, पंपाच्या कुठल्याशा कामाचा उरलेला. बोल्ट आणि सांधा दोन्ही मी सोबत नेलं होतं. त्यांनी व्हर्नियरनं मापं घेतली, दोन बुश केले, तिसरा स्वतःहून केला आणि म्हणाले, "हा डिकीत ठेव." तिन्हीचे मिळून तीनशे रुपये घेतले.

बसवले. लिथियम ग्रीस भरलं. बोल्ट आवळल्यावर रॉड हातानं फिरवून बघितला, जाम नाही, खेळ नाही.

आता दांडा लोंबत नाही. पण न्यूट्रलमध्ये तो सरळ उभा राहत नाही, थोडा मागं झुकलेला आहे. पहिला, तिसरा टाकताना हात बराच पुढं न्यावा लागतो आणि दुसरा-चौथा लगेच मागं अडतो. आता खरं ॲडजस्टमेंट सांगा.

---

वाळूजची शिफ्ट

हो, आता वेळ झाली. आधी सांगितलं नाही कारण खेळ असताना ॲडजस्ट करणं फुकट जातं, आज बसवलेली जागा उद्या हलते.

एस्टीममध्ये दांड्याच्या हाउसिंगखाली एक गाईड प्लेट असते. ती पुढं-मागं सरकवून दांड्याची मधली जागा ठरते. रॉडची लांबी इथं ताणायची नाही.

गाडी रॅम्पवर, गिअर न्यूट्रलला. न्यूट्रल आहे याची खात्री दांड्यावरून करू नका, दगड किंचित सरकवून गाडी बोटभर हलते का बघा, मग दगड परत टेकवा. हाउसिंगचे नट आणि गाईड प्लेटचे बोल्ट ढिले करा, काढू नका, प्लेट हातानं सरकेल एवढेच. आता वरच्या माणसानं दांडा मोकळा सोडायचा. खालच्यानं प्लेट पुढं-मागं सरकवत दांडा प्लेटच्या बरोबर मध्यावर आणि तिला काटकोनात आणायचा. डोळ्यानं चालतं, पण घरात सुताराचा गुण्या असेल तर लावून बघा, फरक कळतो.

जागा मिळाली की आधी गाईड प्लेटचे बोल्ट आवळा, मग हाउसिंगचे नट. क्रम उलटा केला तर आवळताना प्लेट सरकते, मी एकदा तसं करून अख्खी दुपार घालवलीय. बोल्ट बारीक आहेत, लांब पान्यानं जीव लावून आवळू नका, आटे जातात.

मग बंद गाडीत सगळे गिअर टाकून बघा. प्रत्येक गिअरमध्ये दांडा शेवटपर्यंत गेला पाहिजे, आणि शेवटी थांबतो ते गिअरबॉक्सनं थांबवलं म्हणून, दांडा प्लेटला किंवा कन्सोलला (दोन सीटमधल्या कव्हरला) टेकला म्हणून नव्हे. हे फार महत्त्वाचं. वर काहीतरी अडलं तर गिअर अर्धाच बसतो, चालतो, आणि एक दिवस भाराखाली सुटतो. अर्धा बसलेला गिअर दाते पण खातो, मग मात्र खरोखर गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

रिव्हर्स आणि पाचवा शेवटी बघा. हे दोन्ही नीट पडले तर मधले चार पडणारच.

हात लावलाच आहे तर गिअर ऑइलची पातळी पण बघा. बाजूचा प्लग काढला की ऑइल भोकाच्या कडेपर्यंत हवं. बदलणार असाल तर जीएल-४ प्रतीचं, ७५डब्ल्यू-९० जाडीचं. दुकानदार जीएल-५ हातात ठेवतात आणि भारी आहे म्हणतात, पण त्यातल्या काही ऑइलची रसायनं सिंक्रोच्या पितळी रिंगांना मानवत नाहीत.

---

बालाघाटी

झालं, मंडळी.

प्लेट जेमतेम अर्धा सेंटीमीटर पुढं सरकवावी लागली. एवढ्याशानं दांडा सरळ उभा राहिला. गुण्या शेजारच्या सुताराकडून आणला. पहिल्यांदा आवळल्यावर रिव्हर्स टाकताना दांडा कन्सोलच्या कडेला टेकत होता, तुमचं वाक्य आठवलं, परत ढिलं करून केसभर मागं घेतली. मग सगळे गिअर शेवटपर्यंत.

ऑइल कमी निघालं, प्लग काढल्यावर बोट घालून बघितलं तर बोटाचं पेर बुडत नव्हतं. जीएल-४ भरलं.

काल गाडी घेऊन बीडला जाऊन आलो. केजपर्यंत मी मुद्दाम उगाचच गिअर बदलत होतो. येताना मांजरसुंब्याच्या घाटात उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो, दोन ट्रॉल्या, चढ, मागं बस. तिसऱ्यातून दुसरा, परत तिसरा, परत दुसरा. एकदाही शोधावा लागला नाही. दुसरा टाकल्यावर मुठीत तो एक बारीक "टक्" लागतो ना, तो कितीतरी वर्षांनी लागला. वडील शेजारी बसले होते. बोलले काही नाहीत, पण पाटोद्याच्या फाट्यावर चहाला थांबल्यावर म्हणाले, जाताना मी चालवतो.

ज्या गॅरेजनं गिअरबॉक्स उतरवायला सांगितला होता त्यांच्याबद्दल मला राग आहे, आणि तो मी लपवणार नाही. पाच मिनिटं गाडीखाली गेले असते तर दिसलं असतं. अठरा हजार भरणारा माणूस भरतो, आणि तोच बुश परत बसवून देतात, की दांडा पुन्हा लोंबतोच.

परभणीकर, तुमची जोडी काकांना करायला सांगितली आहे. तुमच्या बोल्टचं माप व्यनि (खाजगी निरोप) करा.

---

केजचा_ड्रायव्हर

भाऊ, केजवरून गेलात आन थांबला नाहीत. पुढच्या वेळी थांबा.

तो फाटका रबरी बूट बदलला का? तिथूनच धूळ आत जाती. पाऊस पडायच्या आधी बदला.

---

बालाघाटी

नाही बदलला अजून, मागवलाय. रविवारी बसवतो, तोवर जुना बूट तारेनं आवळून ठेवलाय. तुमच्याकडं नक्की थांबतो.